आपोआप चालणारी स्लाइड शोची डीव्हीडी: पेरणीपासून वेचणीपर्यंतचा अनुभव

राळेगाव तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. सगळा कपाशीचा पट्टा. गुलाबी बोंडअळीवर मी 32 स्लाइड केल्या होत्या. दुकानात आलेल्या माणसाला त्या उभ्याउभ्या दिसाव्यात आणि डिस्क टाकली की कोणी बटण न दाबता सुरू व्हाव्यात, एवढंच हवं होतं.

आधी सगळे सांगतात तेच केलं: सीडीवर पीपीएसएक्स (उघडताच स्लाइड शो सुरू होणारी पॉवरपॉइंटची) फाइल आणि सोबत ऑटोरन डॉट आयएनएफ, म्हणजे डिस्क टाकल्यावर काय सुरू करायचं ते कॉम्प्युटरला सांगणारी फाइल. ही ऑटोरनची फाइल फोल्डरच्या आत ठेवायची नाही, डिस्कवर थेट बाहेर ठेवायची. तिच्यात मी 'ओपन' लिहून पुढे स्लाइड शोचं नाव दिलं आणि दोन सीड्या वाया घालवल्या. 'ओपन'ला ईएक्सई, म्हणजे स्वतः चालणारा प्रोग्रॅम लागतो. पीपीएसएक्ससाठी 'शेलएक्झिक्यूट' लिहावं लागतं. ते जमलं, तरी दुकानातल्या विंडोज 7 वर आधी खिडकी येते, काय करायचं ते विचारते, आणि क्लिक करावंच लागतं. कॉम्प्युटरवर पॉवरपॉइंटही हवं. मोफत व्ह्यूअर मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये बंद केला. पुतण्याच्या लॅपटॉपवर तर माझा जुना मराठी फॉन्टच नव्हता, सगळी अक्षरं गिचमिड. पेनड्राइव्हचा विचार सोडा, विंडोज 7 पासून त्याचं ऑटोरन बंदच आहे.

जुलैत मार्ग बदलला. पॉवरपॉइंट 2010 मधूनच स्लाइड शोचा व्हिडिओ काढला, प्रत्येक स्लाइडला 12 सेकंद. मग डीव्हीडीस्टायलर या मोफत प्रोग्रॅममध्ये मेन्यू काढून टाकला आणि शेवटाला 'जंप टायटल 1' ही आज्ञा दिली, म्हणजे संपलं की पुन्हा पहिल्यापासून. ही डिस्क साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालते. अक्षरं चित्रातच उतरलेली, त्यामुळे फॉन्टची कटकट गेली. आमच्याकडे लाइन दिवसातून चारदा जाते; लाइन आली की माझा प्लेअर स्वतः डिस्क वाचून शो सुरू करतो. मला हेच हवं होतं.

एक सांभाळा: जुन्या टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या जातात. 'एका रात्रीत एका सापळ्यात 8 पतंग, सलग 3 रात्री' या, फवारणी कधी करायची ते सांगणाऱ्या ओळीतला आठच गायब झाला होता. आता चारही बाजूंनी जागा सोडतो.

ऑगस्टमध्ये एक शेतकरी डोमकळीच्या (बोंडअळी लागलेल्या, न उमललेल्या फुलाच्या) स्लाइडपाशी थांबला. शो पुढे गेला तसा म्हणाला, "भाऊ, थे मांगचं दाखव ना. असे फुलं तं माह्या पऱ्हाटीत लय हायेत." दुसऱ्या दिवशी रुमालात चार फुलं घेऊन आला. पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, गुलाबकळीसारख्या मिटलेल्या. काउंटरवर एक उकललं, आत बारीक अळी. त्याच आठवड्यात त्याने वावरात कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावले. मी त्या स्लाइडला 30 सेकंद दिले आणि नवी डिस्क जाळली.

ही पद्धत इथेच जड जाते. एक शब्द बदलायचा तरी व्हिडिओ, डिस्क, सगळं नव्याने. ऑक्टोबरात वेचणी लागली तशी कापसाची बारीक रूं आणि धूळ प्लेअरमध्ये गेली आणि चित्र अडकायला लागलं. लेन्स पुसल्यावर सुटलं. डिस्क 4 एक्स वेगाने जाळतो, दोन प्रती वेगळ्या ठेवतो. या आठवड्यात 'डिसेंबरनंतर फरदड ठेवू नका' (म्हणजे वेचणी झालेली कपाशी आणखी कापसासाठी शेतात राखू नका) ही स्लाइड सगळ्यात पुढे घेऊन चौथी डिस्क लावली आहे.