महिन्याला एक थीम: लातूरच्या एका बालवाडीचा वर्षभराचा अनुभव

माझी साडेचार वर्षांची मुलगी गेल्या जूनपासून लातूर शहरातील एका खासगी बालवाडीत जाते. तेथे महिनाभर एकच थीम घेतली जाते आणि गाणी, गोष्टी, मोजणी, चित्रे, खेळ हे सारे तिच्याभोवती गुंफले जाते. नव्या प्रवेशाचा विचार करणाऱ्या पालकांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

या पद्धतीचे खरे बळ जुलैमध्ये, ‘पाणी’ या थीमच्या वेळी दिसले. काय बुडते, काय तरंगते, एका बादलीत किती लोटे मावतात, हे मुलांनी स्वतः करून पाहिले. घरी आल्यावर मुलीने न्हाणीतली बादली लोट्याने भरून अकरापर्यंत मोजणी केली आणि आजीला विचारले, “पूर्वी पाणी कुठून यायचं?” आजीने तिला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला आलेल्या पाण्याची हकीकत सांगितली. दुसऱ्या दिवशी ती हकीकत वर्गात पोहोचली, तेव्हा शिक्षिकेने त्या दिवसाचे ठरलेले काम बाजूला ठेवून रिकाम्या खोक्यांची पाण्याची गाडी मुलांकडून करून घेतली. मोजणी, भाषा आणि गावाची आठवण एकाच खेळात आली. सुट्या सुट्या तासांमध्ये हे साधणे कठीण आहे.

डिसेंबरमध्ये मात्र नेमके उलटे घडले. शाळेने बाहेरून घेतलेल्या छापील किटमध्ये ‘हिवाळा’ ही थीम होती, म्हणून मुलांनी कापसाचा हिममानव चिकटवला. त्याच आठवड्यात येळवस, म्हणजे शेतात जाऊन जेवण्याचा आमच्याकडचा वेळ अमावास्येचा सण, होता. शेतातली कडब्याची कोप (खोपटी) आणि भज्जी, उंडे, आंबील या त्या दिवशीच्या पदार्थांच्या गोष्टी घेऊन मुले वर्गात आली होती, पण त्यांना वाव मिळाला नाही, कारण वर्षाचे वेळापत्रक आधीच ठरलेले होते. याचे मला मनापासून वाईट वाटले.

दुसरी उणीव अक्षरओळखीची आहे. ‘ग म भ न’ अशा सोप्या वळणांच्या गटांनी जाण्याऐवजी थीमला जुळते म्हणून ‘ट्रक’चा ट आणि ‘जहाज’चा ज घेतले गेले आणि महिना संपताच मागे पडले. वाचनाची पूर्वतयारी क्रमाने आणि पुन्हा पुन्हा व्हावी लागते. ती थीमवर सोपवून चालत नाही. किटचे वेगळे पैसे द्यावे लागतात, आणि घरी करायच्या हस्तकलेचे बरेचसे काम आईवडीलच करतात, हेही जाता जाता नोंदवते.

२०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिकण्यावर भर आहे. त्या दृष्टीने ही शाळा योग्य वाटेवर आहे आणि तेथील शिक्षिका मुलांचे ऐकून घेतात, म्हणून आम्ही मुलीचा प्रवेश पुढील वर्षासाठी कायम ठेवला आहे. अर्जासोबत डिसेंबरची थीम ‘शेत’ ठेवावी, अशी लेखी विनंती दिली असून, येळवशीला सगळा वर्ग आमच्या रानात जेवायला आणण्याचे निमंत्रणही दिले आहे.