ॲक्सेसची फाइल उघडत नाही: रिपेअर, नवी फाइल, बॅकअप की विकतचं सॉफ्टवेअर?

जूनची गर्दी, अप्पा बळवंत चौकातलं पुस्तकांचं दुकान, भर दुपारी लाइट जाते आणि यूपीएस दगा देतो. कॉम्प्युटर परत सुरू केला की साठा आणि उधारी असलेली ॲक्सेसची (मायक्रोसॉफ्टच्या नोंदी ठेवायच्या प्रोग्रॅमची) फाइल 'अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट' म्हणत अडून बसते. अशा वेळी घाईत मूळ फाइलवरच प्रयोग होतात, नुकसान तिथे वाढतं. आधी सगळ्यांनी ॲक्सेस बंद करा, फाइलची प्रत काढा आणि पुढचं सगळं प्रतीवरच करा. हार्ड डिस्क खडखडत असेल तर मात्र कॉम्प्युटरच बंद ठेवा, ती दुरुस्ती वेगळी.

ॲक्सेसमधलीच दुरुस्तीची सोय 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' फुकट आहे, बहुधा काही मिनिटांत होतं आणि बिघडलेले इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधायच्या सूच्या, चांगले बांधून देतं. पण ज्या नोंदी त्याला वाचता येत नाहीत त्या ते गाळूही शकतं. फाइल उघडली या आनंदात लोक लगेच बिलं करायला बसतात, ते करू नका. शेवटचा बिल नंबर आणि एकूण नोंदी ताडून बघा. 'एमसिस कॉम्पॅक्ट एरर्स' नावाचं, दुरुस्तीतल्या चुका नोंदवणारं टेबल तयार झालं असेल तर तेही वाचा.

फाइल थोडी तरी उघडत असेल तर माझा कौल रिकाम्या नव्या फाइलमध्ये एकेक टेबल इम्पोर्ट करण्याला. वेळखाऊ आहे, अर्धा दिवस सहज जातो, पण काय आलं आणि काय राहिलं हे आपल्या डोळ्यांसमोर असतं. एखादं टेबल अडलं तर क्वेरीने, म्हणजे हव्या तेवढ्याच नोंदी मागवून, बिल नंबर 1 ते 5000, मग पुढचे, असे तुकडे आणा. अडलेला तुकडा निम्मा करत गेलात की खराब नोंद सापडते. पुष्कळदा दोष मेमोच्या, म्हणजे लांब मजकुराच्या रकान्यात असतो, कारण तो मजकूर फाइलमधल्या वेगळ्या पानांवर साठवला जातो. मेमोचा रकाना सोडला की ग्राहकाचं नाव आणि रक्कम सुखरूप येतात. प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) आणि रिलेशनशिप (टेबलांमधले दुवे) शेवटी तपासा.

बॅकअप दोन-तीन दिवसांपूर्वीचा असेल तर वरचं काहीच करू नका. बिलबुकाच्या कार्बन कॉपीवरून मधली बिलं भरा, हिशोब चोख राहतो. बॅकअप दिवाळीतला असेल तर तो फक्त जुन्या नोंदी जुळवायला घ्या.

विकतचं सॉफ्टवेअर शेवटी. ते ॲक्सेसला बगल देऊन फाइलची पानं थेट वाचतं, म्हणून फाइल अजिबात उघडत नसतानाही कधी कधी डेटा निघतो. डेमोमध्ये आपल्याच ग्राहकांची नावं आणि रकमा दिसल्याशिवाय पैसे भरू नका. नावं श्रीलिपीत टाइप केलेली असतील तर ती विचित्र रोमन अक्षरांसारखी दिसतील. तो बिघाड नव्हे, तो फॉन्ट लावला की मराठी परत येतं. आणि फाइल बाहेर कोणाकडे दिलीत तर काम शक्यतो समोर बसून करून घ्या, कारण त्यात ग्राहकांचे फोन नंबर आणि उधारी आहे.