जुनी एकनळी रायफल: हँडी-रायफल की रुगर नंबर वन?

अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी एका वेळी एकच काडतूस घेणारी रायफल हवी असेल, तर जुन्या बाजारात ही दोन नावं हमखास समोर येतात.

एच अँड आर (हॅरिंग्टन अँड रिचर्डसन) कंपनीची हँडी-रायफल म्हणजे साधासुधा गडी. खटका दाबला की बंदूक मधोमध बिजागरीवर उघडते, काडतूस घालायचं, नळी बंद करायची, घोडा ओढायचा, झालं. बिघडण्यासारखं फारसं काही नाहीच. उत्पादन 2015 मध्ये बंद पडलं, ही मात्र मोठी मेख. पूर्वी जादा नळी कारखान्यातच जुळवून मिळे; आता सुटी नळी घेतली तर ती तुमच्या सांगाड्यात नीट बसेलच असं नाही. म्हणून घेताना नळी बंद करून हलवून पाहा. खुळखुळली, तर स्वस्त असली तरी परत ठेवा. नळीत उजेड धरून गंजही बघा.

रुगर नंबर वन 1967 च्या सुमाराची. खालची दांडी ओढली की नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा सरळ खाली उतरतो. बांधणी भक्कम, लाकूड देखणं. पण ही 'स्वस्तात' मिळाली तर आधी संशय घ्या! कुणी दस्ता कापलाय का, चापाशी खेळ केलाय का, ते तपासा.

पहिली रायफल असेल तर मी हँडीच घेईन, .45-70 या काडतुसाची.

एच-1बी व्हिसावर असाल, तर वैध शिकार परवाना किंवा कायद्यातली तशीच दुसरी सवलत असल्याशिवाय बंदूक घेता येत नाही. तो कागद आधी.