शाळेत प्रयोग की मुलांना नाट्यगृहात आणायचं?

नवं बालनाट्य आणि त्याला जोडून कार्यशाळा, असं दुहेरी काम करणाऱ्या छोट्या फिरत्या नाटकमंडळीसाठी आमचं मत शाळेच्या बाजूने आहे.

शाळेच्या सभागृहात दीडशेच्या वर मुलं घेऊ नका. पंखे सुरू असले की मागच्यांना संवाद ऐकू येत नाहीत, आणि पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात विचारूच नका. खिडक्यांमुळे अंधार होत नाही, म्हणून प्रवेशबदल काळोखावर नाही, हालचालीवर किंवा गाण्यावर बांधावा लागतो. हजार वॅटचे दोन हॅलोजन एकाच साध्या सॉकेटवर लावले तर फ्यूज उडू शकतो. एलईडी पार (कमी वीज घेणारे रंगमंचाचे दिवे) सोबत न्या आणि आधी मुख्याध्यापकांच्या नाही, शिपाईकाकांच्या सोबतीने वायरिंग बघून घ्या. नेपथ्य एका छोट्या टेम्पोत मावावं, तासाभरात उभं राहावं.

नाट्यगृहात प्रकाश, विंगा, ध्वनी सगळं हाताशी असतं. पण भाडं आणि बसचा खर्च तिकिटावर चढतो, एक बस उशिरा आली की सत्राची वेळ संपते आणि पहिली कात्री कार्यशाळेलाच लागते.

शाळेत ती दुसऱ्या दिवशी, सलग दोन तासिका मागून, तीस-तीस मुलांच्या गटात घेता येते. शिवाय संहिता नवी असेल तर सतरंजीवरची चुळबुळ कुठला प्रवेश लांबलाय ते लगेच सांगते. काळोखावर आणि प्रकाशावरच उभं असलेलं नाटक मात्र शाळेत नेऊ नये.