कॅम्पर बांधायचा तर चॅसीलाच

मार्चमध्ये जुना ट्रक कॅम्पर, म्हणजे ट्रकच्या हौद्यात ठेवायची प्रवासाची खोली, घेतला तेव्हा विकणाऱ्याने तो गाडीला बांधायचे जुने टाय-डाउनही सोबत दिले. ट्रकच्या हौद्याच्या कडेला बोल्टने आवळायचे. मी ते लावलेच नाहीत. माझी गाडी २०१९ची फोर्ड एफ-३५०. २०१७पासून या गाड्यांचा हौदा ॲल्युमिनियमचा येतो, चॅसी म्हणजे खालचा सांगाडा मात्र पोलादी. भरलेला कॅम्पर हजार किलोंच्या वर. वळणावर त्याचा सगळा जोर त्या पत्र्यावर आला असता. गावी कडब्याची ट्रॉली भरली की वडील दोर फळीला कधीच बांधत नसत, खाली वाकून लोखंडी अँगलला बांधत. मला तेच आठवत होतं.

शेवटी टॉर्कलिफ्टचे घेतले. कंपनी इथलीच, अमेरिकेत सिॲटलजवळची. हे थेट चॅसीवर बसतात आणि गाडीगणिक वेगळे असतात, म्हणून मागवताना मॉडेल, सन आणि हौद्याची लांबी दोनदा तपासा. कॅम्पर आणि टाय-डाउन यांच्यामध्ये ताण देणारे टर्नबकल वेगळे घ्यावे लागतात. मी त्यांचेच फास्टगन घेतले. आत स्प्रिंग असते, दांडी मिटली की ताण बसतो. खाली बसून फेरे मारत राहावं लागत नाही. चारही कोपऱ्यांचे मिळून पैसे बरेच गेले. पण मागच्या सीटवर मुलं बसणार, तिथे मला काटकसर नको होती.

बसवायला मेहुण्यासोबत अख्खा शनिवार गेला. पुढचे दोन पटकन झाले. मागे डावीकडचा जुना बोल्ट गंजून धरला होता, त्यावर दोन तास गेले. आदल्या रात्रीच तेल मारून ठेवा. सगळे बोल्ट आधी हातानेच लावा, ब्रॅकेट सरळ बसल्यावर मग टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोराने आवळायचा पाना. एक बाजू आधीच आवळली की दुसरीकडची भोकं जुळत नाहीत. कॅम्परखाली जाड रबरी मॅट हवीच, घसरणं तिच्यामुळे थांबतं. पुढचे टर्नबकल जरा पुढे आणि मागचे जरा मागे ओढलेले ठेवा, म्हणजे ब्रेक मारल्यावर कॅम्पर जागचा हलत नाही.

पहिली फेरी स्नोक्वाल्मी घाटातून मोझेस लेक गावाला. व्हँटेजजवळ कोलंबिया नदीच्या पुलावर आडवा वारा आला. कॅम्पर डोलला, पण ट्रकसकट, वेगळा नाही. पलीकडे उतरून चारही टर्नबकल हलवून पाहिले. नवी मॅट दबल्यामुळे मागचा उजवा किंचित सैल झाला होता. एक फेरा आवळला आणि निघालो.