डिस्कवरून इन्स्टॉल होत नाही: पुसायची, कॉपी करायची, इमेज काढायची की सरळ डाउनलोड?

सेटअप अर्ध्यापर्यंत सुरळीत जातो. मग ड्राइव्ह घरघरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो आणि मेसेज येतो: डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक (सीआरसी), म्हणजे वाचलेला डेटा तपासणीत जुळला नाही. नाहीतर १३३५ नंबर येतो, अमुक कॅबिनेट फाइल (सेटअपच्या फाइली दाबून भरलेली कॅब फाइल) करप्ट आहे म्हणून. पुढे चार-पाच वाटा आहेत आणि त्यातली कुठलीही सरसकट चांगली नाही. दुखणं डिस्कचं आहे, ड्राइव्हचं की विंडोजचं, यावर सगळं ठरतं.

म्हणून आधी तेवढं बघून घ्या. सीआरसी, १३०५ आणि १३३५ हे बहुधा वाचनातले एरर असतात. १६०३ आला तर डिस्कवर संशय घेऊ नका. ॲडमिनचे अधिकार नसणं, जागा संपणं, जुनी आवृत्ती आधीच बसलेली असणं अशी कारणं त्यामागे असतात. १७१९ म्हणजे विंडोज इन्स्टॉलर सर्व्हिसचीच तक्रार. 'हे ॲप या पीसीवर चालत नाही' असं आलं, तर खूप जुना १६-बिट सेटअप ६४-बिट विंडोजवर चालवला जात असण्याची शक्यता मोठी. तिथे डिस्क कितीही चकचकीत केली तरी उपयोग नाही. खात्री हवी असेल तर विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टम' लॉग उघडा. सोर्स 'सीडीरॉम', इव्हेंट आयडी ७ आणि 'बॅड ब्लॉक' अशी नोंद सापडली, तर वाचनातच अडचण आहे.

पुसून पुन्हा लावणं

फुकटचा उपाय, त्यामुळे पहिला मान याचा. मऊ, धागे न सुटणारं कापड घ्या आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. डेटा वर्तुळाकार ट्रॅकवर असतो. आडव्या ओरखड्यात प्रत्येक फेरीचा थोडाच भाग जातो आणि एरर करेक्शन तो भरून काढतं. ट्रॅकच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग डेटा खातो, तो भरून निघत नाही.

बोटांचे ठसे आणि धूळ यांच्यापुरता हा उपाय खरा. चमकत्या बाजूपेक्षा सीडीची लेबलची बाजू जास्त नाजूक असते, कारण डेटाचा थर लेबलच्या अगदी खाली असतो. दिव्यासमोर धरल्यावर टाचणीएवढी भोकं दिसली, तर तिथला डेटा कायमचा गेला. डीव्हीडीत हाच थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती या बाबतीत टणक. टूथपेस्टने घासण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. माझं मत विचाराल तर, जे वाचता येतंय ते कॉपी करून घेतल्याशिवाय पृष्ठभाग घासू नये.

फाइली कॉपी करणं की इमेज काढणं

खरी निवड इथे आहे. इमेज म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल, बहुधा आयएसओ फाइल. दोन्हींत वाचणं आणि इन्स्टॉल करणं ही कामं वेगळी होतात, हाच मोठा फायदा. अर्धवट बसलेलं सॉफ्टवेअर उपटत बसावं लागत नाही.

कॉपी करणं सोपं. सगळी डिस्क एका फोल्डरमध्ये ओढा. जिथे अडेल तिथे फाइलचं नाव कळतं, आणि ते कळणं फार मोलाचं असतं: अडलेली फाइल डेमो व्हिडिओ किंवा नको असलेल्या भाषेची निघाली, तर ती गाळून पुढे जाता येतं. रोबोकॉपी ही विंडोजमधली कॉपीची कमांड वापरणार असाल तर जपून. न वाचलेल्या फाइलसाठी ती मुळात १० लाख वेळा प्रयत्न करते आणि दर वेळी ३० सेकंद थांबते. आर (किती प्रयत्न) आणि डब्ल्यू (किती सेकंद थांबायचं) हे स्विच लावून ते आकडे खाली आणा, नाहीतर कॉम्प्युटर अडकलाय असंच वाटेल.

कॉपीचा तोटा असा, की काही सेटअप डिस्कचं व्हॉल्यूम लेबल, म्हणजे डिस्कवर नोंदलेलं तिचं नाव, तपासतात. फोल्डरमधून चालवलं की 'डिस्क १ घाला' म्हणून अडून बसतात. आयएसओ इमेजमध्ये लेबलही जसंच्या तसं येतं. विंडोज ८ पासून पुढे डबल क्लिक केलं की ती ड्राइव्हसारखी उघडते. विंडोज ७ ला वेगळा प्रोग्राम लागतो.

पण डिस्क खराब असेल तर साधा इमेज काढणारा प्रोग्राम पहिल्या बॅड सेक्टरलाच (डिस्कवरच्या न वाचता येणाऱ्या तुकड्यालाच) हात वर करू शकतो. त्यासाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू माझ्या पसंतीचं. ते आधी सुखासुखी वाचता येणारा भाग उचलतं, मग अवघड जागांकडे वळतं आणि काय राहिलं ते मॅपफाइलमध्ये लिहून ठेवतं. तीच मॅपफाइल घेऊन डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, तर फक्त राहिलेल्या जागा वाचल्या जातात. एका ड्राइव्हला न दिसलेले सेक्टर दुसऱ्याला दिसू शकतात. डेटा सीडीचा एक सेक्टर २०४८ बाइटचा, त्यामुळे शेवटी किती गेलं याचा नेमका हिशेब मिळतो. मात्र इमेजचा आकार पूर्ण दिसला म्हणजे आतला डेटा पूर्ण आहे असं नाही. न वाचलेल्या जागा रिकाम्या राहतात आणि त्या नेमक्या कॅब फाइलमध्ये असतील, तर पुन्हा १३३५ समोर येतो.

जुन्या गेमच्या डिस्कवर मात्र यातलं काही करण्याआधी नक्कल रोखणारं प्रोटेक्शन आहे का ते बघा. सेफडिस्कसारख्या पद्धतीत बॅड सेक्टर मुद्दाम ठेवलेले असतात, त्यामुळे साधी इमेज चालत नाही. शिवाय २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने सेफडिस्कचा ड्रायव्हर घेतलाच नाही. तिथे कोरी करकरीत डिस्कही इन्स्टॉल होईल आणि गेम सुरू होणार नाही.

दुसरा ड्राइव्ह

विकत घेण्याआधी उसना आणून बघा. सगळ्याच डिस्क अडत असतील तर दोष ड्राइव्हचा. सीडी चालतात पण डीव्हीडी नाही, असं झालं तरी ड्राइव्हच: सीडीला ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीला ६५० चा लेझर लागतो, त्यातला एकच थकू शकतो. यूएसबीवरचा बारीक ड्राइव्ह हबला न लावता थेट पोर्टला लावा. वीज कमी पडली तरी एरर हुबेहूब खराब डिस्कसारखेच येतात.

डाउनलोड

प्रिंटर, स्कॅनर, वाय-फाय कार्ड यांच्या डिस्कसाठी दुसरा विचारच नको. कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर डिस्कवरच्यापेक्षा नवा असतो. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरला मात्र आपली प्रॉडक्ट की त्याच आवृत्तीला आणि त्याच एडिशनला लागू पडावी लागते, आणि कंपनीने ॲक्टिव्हेशन बंद केलेलं नसावं. उत्पादकाने काढून टाकलेलं सॉफ्टवेअर भलत्याच साइटवरून 'फ्री आयएसओ' म्हणून उतरवण्यापेक्षा मी आठवडाभर डीडीरेस्क्यू चालू ठेवेन.

डिस्क घरीच बर्न केलेली असेल तर वरचा बराचसा खटाटोप वाचतो. मूळ आयएसओ जवळ आहे ना? विंडोजमधल्या सर्टयुटिल कमांडने तिचा हॅश (फाइलच्या डेटावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा कोड) काढून उत्पादकाने प्रकाशित केलेल्या हॅशशी ताडून बघा. जुळला तर इमेज थेट माउंट करून (ड्राइव्हसारखी उघडून) सेटअप चालवा. डिस्कच हवी असेल तर नव्या डिस्कवर कमी वेगाने बर्न करा आणि 'व्हेरिफाय'वर टिक ठेवा. जुळला नाही, तर बिघाड बर्न करण्याआधीच झालेला आहे आणि फाइल पुन्हा उतरवावी लागेल.