सहा फुटी टाकीखालचा सम्प: नऊ महिन्यांनंतर

माझी माशांची टाकी सहा बाय दोन बाय दोन फुटांची. काठोकाठ भरली तर 680 लिटर. त्यात चार ऑस्कर. ज्यांनी ऑस्कर पाळलेत त्यांना माहीत आहे, हा मासा खातोही भरपूर आणि घाणही तेवढीच करतो. दोन कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचे बंद डब्यातले फिल्टर) लावूनही दर आठ-दहा दिवसांनी ते उघडून धुवायची पाळी यायची. शेवटी जानेवारीत खालच्या कपाटात चार फुटी सम्प (पाणी गाळणारी कप्प्यांची दुसरी टाकी) बसवला.

पाणी ओव्हरफ्लोमधून (वरच्या टाकीतलं जादा पाणी उतरायची वाट) खाली उतरतं, फिल्टर सॉक (कचरा अडवणारी पिशवी), स्पंज आणि सिरॅमिक रिंगांमधून जातं, शेवटच्या कप्प्यातली मोटार ते वर चढवते. जुन्या कॅनिस्टरमधल्या रिंगा तशाच ओल्या सम्पमध्ये टाकल्या, त्यामुळे त्यांच्यावरचे बॅक्टेरिया टिकले आणि माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया वाढला नाही. त्या रिंगा नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात. टाकीच्याच पाण्यात खळबळून घ्या.

मार्चमध्ये एका रात्री लाईट गेली. सकाळी उठून पाय खाली ठेवला तो पाण्यातच. मोटारीच्या पाईपचं तोंड टाकीत चार इंच बुडालेलं होतं. मोटार थांबल्यावर त्याच पाईपमधून पाणी उलटं खाली ओढलं गेलं. एवढ्या टाकीत एक इंच म्हणजे 28 लिटर, आणि सम्प आधीच वरपर्यंत भरलेला. कपाटाचा प्लायवूड फुगला तो फुगलाच.

दुसऱ्याच दिवशी त्या पाईपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली 6 मिमीचं भोक पाडलं. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि ओढ तुटते. भोकात शेवाळ बसतं, म्हणून दर रविवारी काडी फिरवतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) भिस्त ठेवू नका, कचऱ्याचा एक कण अडकला तरी तो नीट मिटत नाही. मोटार बंद करून सम्प किती भरतो ते बघा, वर दोन इंच मोकळे राहतील एवढंच पाणी ठेवा. मग मोटार चालू करून जिथे पातळी येईल तिथे मार्करने रेघ मारा. रेघेच्या वर पाणी घालायचं नाही.

मोटारीच्या खोक्यावर तासाला 5000 लिटर लिहिलंय, पण तो आकडा शून्य उंचीचा, म्हणजे पाणी वर चढवायचं नसतानाचा. पाच फुटांवर 20 लिटरची बादली भरायला 28 सेकंद लागले, म्हणजे तासाला साधारण 2570 लिटर. मला तेवढं पुरतं. 50 वॉटची मोटार अखंड चालते, महिन्याला 36 युनिट धरा.

उन्हाळ्यात वरची टाकी भरलेलीच दिसते, वाफ होऊन पाणी कमी होतं ते फक्त मोटारीच्या कप्प्यात. मे महिन्यात दोन दिवसांआड बादलीभर घालावं लागलं. विसरलात तर मोटार कोरडी चालून जळेल.

पाणी आता काचेसारखं आहे, मासे भूक लागली की समोर येऊन उभे राहतात. सॉक मात्र दर चार दिवसांनी धुवावाच लागतो. टाकी तीन फुटांची असेल तर या फंदात पडू नका, कॅनिस्टर पुरतो.

एक राहून गेलं. काचवाल्याकडून खाली जाणाऱ्या पाईपसाठी एकच भोक पाडून घेतलं. ते तुंबलं तर पाणी वरून सांडेल, म्हणून वर दोन इंच जागा सोडलीय आणि मोटारीचा कप्पा 40 लिटरचाच ठेवलाय, तेवढं पाणी त्या जागेत मावतं. तुम्ही टाकी करून घेताना दोन भोकं सांगा.